ठमीच्या नावाचा कांदा

डोंबिवलीच्या बाईनं माफी मागितली, हे घरात सर्वांत आधी कल्पिताला कळलं.

ती बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली होती. संध्याकाळी देवळाच्या मंडपात गावच्या कांदा शेतकऱ्यांच्या गटातर्फे ठमीआत्याचा सत्कार होता, म्हणून चुलतसासरा जीवनकाका आदल्या दिवशीच उलव्याहून आला होता, आणि त्याला वालाचं बिरडं लागतंच. कांद्याच्या धंद्याचा फोन तिच्या मांडीशी पडला होता. ऑर्डरी घेणं, पत्ते लिहिणं, तक्रारींना उत्तरं देणं हे लग्नानंतर नवऱ्यानं, निकेतनं, तिच्याकडेच दिलं होतं. फोन वाजला तशी तिनं ओले हात पदराला पुसले आणि मेसेज उघडला.

‘नमस्कार. मी दिपाली. तुमच्या कांद्याबद्दलचा माझा व्हिडिओ मी काढून टाकला आहे. माझं चुकलं असेल तर माफ करा. एक विनंती आहे. माझं इथं छोटंसं पोळीभाजी केंद्र आहे. तुमच्या पेजवरच्या लोकांनी त्याच्या नावाखाली फार वाईट लिहिलंय. जे कधी आलेच नाहीत ते लिहितात की पोळीत झुरळ निघालं. एका शाळेच्या शिक्षकांचे डबे होते, ते बंद झाले. तुम्ही फक्त एकदा त्यांना थांबा म्हणून सांगा. ठमीआत्यांना माझा नमस्कार.’

कल्पितानं तो दोनदा वाचला. मग फोन पालथा घातला आणि पुन्हा वाल सोलायला घेतले, पण सोललेले दाणे ती सालांच्या ढिगात टाकत होती हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

त्या बाईचा व्हिडिओ तसा साधाच होता. ओट्याशी उभं राहून तिनं कांदा चिरला होता, एक फोड तोंडात टाकली होती आणि म्हणाली होती, “माझं माहेर पेणजवळचं. अलिबागचा पांढरा कांदा मी लहानपणापासून नुसत्या भाकरीबरोबर खाल्लाय. तो गोड असतो. हा तो नाही. पिशवीवर नाव ‘ठमीआत्याचा कांदा’ आहे, पण आत दुसरंच काहीतरी आहे.”

निकेतला ते लागलं होतं. कंपनीची नोकरी सोडून तो शेताकडे आला होता, आत्याच्या नावानं त्यानं हा धंदा उभा केला होता. त्यानं लगेच उलट व्हिडिओ केला. “कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं म्हणून शेतकऱ्याला चोर म्हणायचं? ताई, एसीत बसून मातीची चव कळत नसते,” असं तो म्हणाला आणि शेवटी त्यानं ठमीआत्याला शेताच्या बांधावर उभं केलं. आत्यानं हातात कांद्याची माळ धरली, गावदेवीच्या दिशेनं हात जोडले आणि सांगितलं, “यो कांदा आमच्याच मातीतला. आईची आन घेऊन सांगतंय.”

तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. त्या लोकांनीच मग डोंबिवलीच्या बाईचं नाव, गाव, केंद्र शोधून काढलं.

व्हिडिओ काढताना फोन कल्पितानं धरला होता. आत्या शपथ घेत होती तेव्हा कल्पिताला ठाऊक होतं की माळेतला कांदा खरा असला तरी पिशव्यांतला नाही. रस्त्याकडेच्या शेडमध्ये जाळीच्या पिशव्या तिनंच बायकांना घेऊन भरल्या होत्या. घाटावरून आलेला पांढरा कांदा आणि घरचा कांदा, दोन्ही एका ताडपत्रीवर ओतलेले तिनं पाहिले होते. सासरे म्हणाले होते, “निकेतला काही बोलू नको. एवढ्या ऑर्डरींचं भागत न्हाय.” ती बोलली नव्हती. आणि आता तिला आठवत राहिलं ते एकच, की शपथेच्या वेळी तिचा फोन धरलेला हात जरासुद्धा हलला नव्हता.

“कोणाचा मेसेज?” निकेत मागून आला आणि तिनं काही म्हणायच्या आत त्यानं फोन उचलला.

त्याचा चेहरा उजळत गेला. “अरे! माफी मागितली तिनं! कल्पू, तू सांगितलं का नाहीस?” आणि तो तसाच पडवीत धावला.

पडवीत सगळे बसले होते. हिरामण, म्हणजे निकेतचे वडील, नवा सदरा घालून खांबाला टेकून होते. जीवनकाका खुर्चीत पाय ताणून चहा पीत होता. ठमीआत्या खाली चटईवर बसून कांद्याच्या पाती गुंफत होती. सत्काराच्या दिवशीही तिचे हात रिकामे नव्हते.

“ऐका, ऐका,” निकेत म्हणाला आणि मोठ्यानं वाचायला लागला. “मी माझा व्हिडिओ काढून टाकला आहे. माझं चुकलं असेल तर माफ करा... ठमीआत्यांना माझा नमस्कार!”

जीवननं मांडीवर थाप मारली. “एक नंबर! भाई, स्क्रीनशॉट मार नि टाक पेजवर. आज सत्कार नि आज माफी. टायमिंग बघ!”

“मधलं पण वाचा,” कल्पिता दारातून म्हणाली.

“मधलं काही खास नाही,” निकेत म्हणाला.

“आहे. वाचा.”

निकेतनं तिच्याकडे पाहिलं. तो हसतच होता, पण हसू जरा अडकलं. “तिच्या धंद्याचं काहीतरी आहे. लोकांनी लिहिलं तर मी काय करणार? मी सांगितलं होतं का लिहा म्हणून?”

“ती खरं बोलत होती,” कल्पिता म्हणाली.

कुणालाच काही समजलं नाही. तिला वाटलं आपला आवाज निघालाच नाही की काय. म्हणून तिनं परत सांगितलं, या वेळी सासऱ्यांकडे बघत.

“पिशव्यांत घाटावरचा कांदा होता. ती बाई खरं बोलत होती.”

*

हिरामणला आधी राग आला तो सुनेच्या नजरेचा. ओरडून बोलली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, जणू पुढचं त्यानं बोलायचं ठरलेलंच होतं.

“सूनबाई, तू आत जा,” जीवन म्हणाला.

“मी आतच होते, काका. आत गप्प बसले, म्हणून तर हे झालं.”

“बाबा?” निकेत वळला. “ही काय बोलतेय?”

हिरामणनं खांबावरून पाठ काढली. काय सांगायचं? यंदा अवकाळी पावसानं कांदा शेतातच सडला होता, अर्धादेखील हाती आला नव्हता. आणि पोराकडे ऑर्डरींवर ऑर्डरी. रोज जेवताना तो आकडा सांगायचा आणि त्याचे डोळे चमकायचे. गावातली बाकीची पोरं बंदरावर नाहीतर टॅक्सीवर, आणि आपलं पोर शेतात परत आलेलं. त्याला ‘कांदा न्हाय’ म्हणायला हिरामणची जीभ उचलली नव्हती.

आणि दुसरं एक होतं, ते तर कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं. बापाच्या मिठागराच्या वाटणीवरून जीवन आणि तो किती वर्षं एकमेकांच्या दारात गेले नव्हते. बापाच्या तेराव्यालाही दोघं दोन पंक्तींना जेवले होते. मग यंदा एका सकाळी, निकेत आणि ठमी अलिबागच्या बाजारात गेलेले असताना, जीवनचा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. न्हावा शेव्याला माल टाकून, घाटावर फेरी मारून परत येताना तो कांदा भरून घेऊन आला होता. “दादा, पांढरा तो पांढरा. कोणाला कळतंय? पोराची लाज राख,” असं म्हणत त्यानं स्वतः पोती उतरवली होती. इतक्या वर्षांनी भाऊ काही द्यायला आला होता. हिरामणनं ते घेतलं होतं. त्या दिवशी दोघं एका ताटाला बसल्यासारखे जेवले.

“मीच मिसळला,” तो निकेतला म्हणाला.

“किती?”

“पिशव्यांत... निम्म्याहून जास्त.”

“आणि मला नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस?” हिरामणचा आवाज चढला. “आपलं शेत केवढं, कांदा किती सडला, तू डोळ्यांनी बघितलंस. एवढ्या पिशव्या कुठून भरल्या जातात, यो प्रश्न तुना पडला न्हाय?”

 निकेतच्या मानेवरची शीर ताणलेली हिरामणला दिसली आणि बोलल्याचा पश्चात्तापही झाला. पण शब्द गेला तो गेला.

“बस करा आता!” जीवन उठला. “कुणाचा खून झालाय का? मार्केटमध्ये असं रोज होतं. हायवेवर बाहेरचा कांदा अलिबागचा म्हणून विकतायत, त्यांना कोण विचारत नाय. बाईनं माफी मागितली, खेळ खल्लास. दोन दिवसांत लोकांना दुसरा व्हिडिओ भेटेल. संध्याकाळी शाल घ्या, नारळ घ्या, घरी या.”

“तिचे डबे बंद झालेत, काका,” कल्पिता म्हणाली.

“आणि उद्या आपलं दुकान बंद झालं तर? गटाच्या अध्यक्षाला, चांगदेवला कळलं तर? गटातली सगळी घरं याच नावावर कांदा विकतात. पांढऱ्या कांद्याचं सरकारी मानांकन सगळ्या तालुक्याला मिळालंय, आपल्याला एकट्याला नाय. तू त्या सगळ्यांच्या पोटावर पाय देणार?” मग तो निकेतच्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाला, “बायकोला समजाव. तुझ्या बापानं नि मी केलं ते तुझ्यासाठीच केलं ना?”

निकेतनं खांदा काढून घेतला, पण चिडला तो कल्पितावर. “तुला माहीत होतं. व्हिडिओ काढला तेव्हा तुला माहीत होतं. मला तोंडावर पडू दिलंस.”

“हो,” ती म्हणाली.

एवढंच. हिरामणला वाटलं, या पोरीनं निदान एकदा तरी म्हणावं की सासऱ्यानं गप्प बसवलं होतं. तसं खरंच झालं होतं. ती ते म्हणाली नाही, आणि त्यामुळे त्याला तिच्याकडे बघवेना.

 ठमीची माळ अर्धी गुंफून मांडीवर पडली होती.

“हिरामण,” ती म्हणाली, “मी बांधावर उभी ऱ्हाऊन बोलले, ते खोटं व्हतं?”

“बाय, माळेतला कांदा तर...”

“मी माळेचं न्हाय इचारत. लोकांनी जे ऐकलं, ते खोटं व्हतं?”

थोरल्या बहिणीला हिरामण लहानपणापासून ‘बाय’ म्हणायचा. आई शेतावर गेली की तिनंच त्याला भरवलं होतं. आत्ता त्याला तिच्यासमोर मान वर करता आली नाही. पायातल्या नव्या चपलेच्या पट्ट्याकडे तो बघत राहिला.

ठमी गुडघ्यावर हात रोवून उठली आणि मागच्या दारानं निघून गेली.

*

कांद्याच्या खोपीत माळा टांगलेल्या होत्या. वारा आला की त्या एकमेकींवर घासत आणि सालपटांचा कोरडा आवाज येई. ठमी तिथल्या उलट्या टोपलीवर बसली.

विशीत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला परत पाठवलं, तेव्हा बापानं तिला घरामागचा हा तुकडा दाखवून सांगितलं होतं, यो तुझा. कागदावर काही नव्हतं. पण भात कापून झालं की त्या ओलीवर ती कांदा लावायची, आणि चाळीस वर्षं गावात तो ठमीचा कांदा म्हणूनच ओळखला गेला. निकेतनं पिशवीवर तिचं नाव आणि हसरं तोंड छापलं तेव्हा ती म्हणाली होती, “माझं थोबाड कशाला, पोरा?” तोंडदेखलं म्हणाली होती. मनातून तिला आवडलं होतं.

खरी टोचणी तीच होती. अलिबागच्या बाजारात पोरी तिच्याबरोबर फोटो काढायला यायच्या, म्हणून ती एक निळं लुगडं घडी करून वेगळं ठेवायला लागली होती. नागावच्या एका होमस्टेवाल्यानं तिला पाहुण्यांसमोर नेऊन बसवलं होतं. टेम्पोत चढणाऱ्या पिशव्या ती रोज बघत होती. जन्मभर कांदा काढलेली बाई. ढीग बघून सांगणारी, कुठल्या वाफ्याचा. तिनं का नाही विचारलं, हा कांदा आला कुठून? विचारलं असतं तर पिशवीवरचं तोंड उतरलं असतं, म्हणून? तिला उत्तर ठाऊक होतं आणि ते तिला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं.

निकेत खोपीच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल होते.

“आत्या, मी विचार केलाय. आपण एक व्हिडिओ करू. तू दोनच शब्द बोल, आमच्याकडून नजरचुकीनं झालं. तुझं लोक ऐकतात. तू बोललीस की कोणी काही म्हणणार नाही.”

“म्हंजे परत माझंच तोंड पुढं करनार.”

“तसं नाही गं...”

“तसंच हाय. खोटं बोलायला माझं तोंड, आन निस्तरायलाबी माझंच? तुझं काय झालंय तोंडाला? त्या बाईला एसीत बसतेस म्हनलं ते कोनाच्या तोंडानं म्हनलं?”

निकेत दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. लहानपणी मार खाल्ल्यावर तो असाच उभा राहायचा, आत येत नसे आणि जातही नसे.

“तिला फोन लाव,” ठमी म्हणाली.

“आत्ता? काय बोलणार?”

“लाव म्हनते ना. आन मोठ्या आवाजावर ठेव. तूबी ऐक.”

रिंग बराच वेळ वाजली. मग एका बाईचा सावध आवाज आला. “हॅलो? कोण?”

“बाय, मी ठमी बोलतंय. कांद्यावाली.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. “आत्या? मी... मी व्हिडिओ काढलाय हो. खरंच काढलाय. अजून कुठं दिसत असेल तर सांगा, मी तोही...”

“ऐक माझं. तू खरी व्हतीस. पिशवीतला कांदा आमचा न्हवता. मी आन घेतली ती खोटी. मना ठावं न्हवतं, पन मी इचारलंबी न्हाय.”

निकेतनं फोन कट झाला का, म्हणून वाकून बघितलं.

“माझ्या सासूबाई म्हणाल्या,” दिपाली सावकाश बोलायला लागली, “की तुझीच जीभ कडू. एवढी म्हातारी बाई देवीची शपथ घेते म्हणजे तीच खरी. मलाही वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय. परवा मी त्याच पिशवीतला आणखी एक कांदा चिरून खाल्ला, बघायला. एकटीच. ओट्याशी उभी राहून. आणि तरी मला ठरवता येईना.” तिचा श्वास ऐकू आला. “माहेरची चव मला ओळखता येत नाही, असं वाटलं मला. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय, बाय.”

“तुमचा तो मुलगा आहे का तिथं?”

निकेतनं घसा साफ केला. “आहे. ताई, मी... सॉरी. मी संध्याकाळी पेजवर टाकतो. नाव न घेता, म्हणजे तुम्हाला परत त्रास नको म्हणून...”

“नाव न घेता?” तिचा आवाज आता पहिल्यांदा कडक झाला. “शिव्या नाव घेऊन दिल्यात ना लोकांनी? केंद्राचं नाव, माझं नाव, माझा फोटो. मग खरंही नाव घेऊनच सांगा.”

“हो. सांगतो.”

“आणि आत्या, तुम्ही फोन केलात, बरं वाटलं. पण माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाही. मला म्हणता येत नाहीये. ठेवू?”

“ठेव, बाय,” ठमी म्हणाली. फोन बंद झाल्यावरही ती त्याच्याकडे बघत होती. निकेत खाली बसला, मातीवर, तिच्या पायांशी. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तो त्याची वाट बघत होता हे तिला कळत होतं.

*

दुपारी जीवन जेवला नाही. संध्याकाळी निकेत सगळ्यांसमोर बोलणार, हे ऐकल्यावर त्यानं गाडीची चावी उचलली. “दादा, सांग तुझ्या पोराला. माझं नाव निघालं तर मी परत या दारात दिसणार नाय.” हिरामण म्हणाला, “तुझं नाव निघनार न्हाय. पन पोराला मी अडवनार बी न्हाय.” जीवन थोडा वेळ थांबला, भाऊ अजून काहीतरी बोलेल म्हणून. मग गाडी अंगणातून बाहेर पडली. हिरामण आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. निघताना निकेतनं हाक मारली तर त्यानं ओ दिली नाही.

देवळाचा मंडप भरला होता. प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, पुढं सतरंजीवर बायका. साउंडवाला ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत होता. गटाचे अध्यक्ष चांगदेव इकडून तिकडे धावत होते, त्यांच्या काखेत शालीची पारदर्शक पिशवी होती. कार्यक्रम पेजवर लाइव्ह दाखवायचा हे निकेतनंच आठवडाभर आधी जाहीर केलं होतं. आता तो फोन कल्पिताच्या हातात होता. सकाळपासून ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. फक्त देवळाच्या पायरीवर ती म्हणाली होती, “चालू करू?” आणि तो म्हणाला होता, “कर.”

ठमीआत्या निळं लुगडं नेसली नव्हती. रोजचंच धुतलेलं नेसून ती मंचावरच्या खुर्चीत टोकाला बसली. चांगदेव शाल काढायला लागले तेव्हा तिनं हातानंच त्यांना थांबवलं. “आधी पोराला बोलू दे.”

निकेतनं माइक घेतला. समोरची माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, आता हा डोंबिवलीच्या बाईनं कशी माफी मागितली ते सांगणार. बातमी दुपारीच कशी कोण जाणे, गावभर झाली होती. फोनच्या पडद्यावर बदामांची रांग वर वर चढत असणार, हे त्याला न बघताही कळत होतं. हेच तर त्याला आवडायचं. रोज सकाळी उठल्यावर आधी तो तेच बघायचा.

“नमस्कार,” तो म्हणाला. “आज आपण आत्याच्या सत्काराला जमलोय. पण त्याआधी... आमच्याकडून एक चूक झालेली आहे...”

“चूक न्हाय,” मागून आत्याचा आवाज आला. तिच्यापुढं माइक नव्हता, पण पहिल्या रांगांना ऐकू गेलं. “लबाडी. नीट सांग.”

 घरी पाठ केलेली वाक्यं होती, ती गेली. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ असं एक होतं, तेही गेलं.

“आम्ही लबाडी केली,” तो म्हणाला. “आमच्या पिशव्यांत बाहेरचा कांदा होता. डोंबिवलीच्या दिपालीताईंनी व्हिडिओत जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. मी त्यांना खोटं पाडलं. आत्याला शपथ घ्यायला मी उभं केलं, तिला काही माहीत नव्हतं. मी चौकशी केली नाही, कारण मला करायची नव्हती. तुमच्यापैकी... जे आत्ता फोनवर बघताय, त्यांच्यापैकी ज्यांनी दिपालीताईंच्या पोळीभाजी केंद्राबद्दल लिहिलं, ते खोटं आहे. तुम्ही तिथं गेलेला नाही. ते आजच काढा. ज्यांच्याकडे आमच्या पिशव्या गेल्या त्यांनी परत पाठवा, नाहीतर फेकून द्या, आम्ही भरून देऊ. माझी हात जोडून विनंती आहे.”

एवढं बोलून झाल्यावर काय करायचं हे त्याला कळेना. माइक कुणाकडे द्यायचा तेही कळेना.   मंडपात पंखे फिरत होते आणि माणसं त्याच्याकडे न बघता एकमेकांकडे बघत होती.

सतरंजीवरच्या गोदूबाईंनी तोंडावरचा पदर काढला. “माझ्या पोरीच्या सासरी मी तुझा व्हिडिओ दावला व्हता,” त्या म्हणाल्या. “ह्यो आमचा निकेत, म्हनून.”

निकेतनं माइक खाली ठेवला.

“आमचं काय रे पन?” मागून कुणीतरी म्हणालं. “आमचा कांदा खरा हाय. आता तो कोन घेनार?”

 चांगदेवांनी शालीची घडी पुन्हा पिशवीत घातली. पिशवीची चिकटपट्टी नीट लागत नव्हती, ती ते परत परत दाबत होते. आत्या खुर्चीतून उठली, देवीच्या गाभाऱ्याकडे वळली, पण पायरीपाशी थांबली आणि तिथंच बसली. आत गेली नाही. एकेक खुर्ची सरकायला लागली. साउंडवाल्यानं विचारलं, “बंद करू का, काका?” आणि चांगदेवांनी मान हलवली. स्पीकरमधली घरघर थांबली.

कल्पितानं फोन खाली केला नव्हता. निकेतनं तिच्याकडे पाहिलं. पडद्यावर शिव्या चालू असणार, आता त्याच्या नावानं. ती त्याला जवळ ये म्हणाली नाही, पण बाजूला सरकून तिनं भिंतीला टेकायला त्याला जागा केली. तो जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात निघालेली माणसं दाराशी अडली. कुणीतरी आत येत होतं.

हिरामण होता. सकाळचाच सदरा, पडून पडून चुरगळलेला. गर्दीतून वाट काढत तो मंचापर्यंत आला, पण वर चढला नाही. माइक बंद होता आणि त्यानं तो मागितलाही नाही. पहिल्या रांगेच्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून तो गावाकडे तोंड करून उभा राहिला.

“पोरानं सांगितलं ते अर्धं,” तो म्हणाला. “कांदा मी मिसळला. त्याला ठावं न्हवतं. सुनेला मी गप्प बसवली. माझ्या बहिनीला मी खोटं पाडलं.”

“गाडी कोणाची व्हती?” एकानं विचारलं.

“कांदा माझ्या अंगनात उतरला. मी उतरवून घेतला. गाडी कोनाची ते इचारू नका.”

दाराजवळ कुजबुज झाली. कोण काय बोलला, काय झालं, असं मागचे पुढच्यांना विचारत होते. हिरामणला वाटलं, झालं. तो खुर्चीवरचा हात काढून जायला वळला. तेव्हा चांगदेव, जे लहानपणी त्याच्याबरोबर मिठागरावर खेळले होते, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसरंच काही होतं, आणि ते बघायला हिरामणला जास्त जड गेलं.

“हिरामणदा,” ते म्हणाले, “मागच्यांना ऐकू गेलं न्हाय. परत सांग.”

दाराशी माणसं थांबली होती. काही जण परत आत आले, एक बाई मुलाला कडेवर घेऊन खुर्चीवर बसली. पायरीवरून ठमी बघत होती. भिंतीशी निकेत आणि सून उभी होती. हिरामणनं पुन्हा खुर्चीची पाठ धरली, मान वर केली आणि या वेळी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.